गोजराची राहिलेली फुंकर

लालबुंद पळसबनाच्या पलीकडे एक इवलंसं कुंभारघर होतं. तिथं गोजरा आणि तिचे आबा, रखमाजी कुंभार, राहायचे. घरात भाकरीपुरतं कसंबसं भागायचं, पण आबांच्या चिलमींचं नाव पंचक्रोशीत होतं, बरं का! मऊसूत माती सळईभोवती थापायची, एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं करायचं, सळई अलगद ओढून घ्यायची, की झाली चिलीम. तंबाखू ओढणारे म्हातारे म्हणायचे, "रखमाजीची चिलीम कधी अडायची नाही."

कशी अडेल? भट्टीत जायच्या आधी गोजरा प्रत्येक चिलमीत फुंकर मारायची. आत अडकलेला मातीचा कण भुर्रकन बाहेर! तेवढंच तिचं काम. पण ओठ मातीनं माखायचे आणि पाणवठ्यावरच्या पोरी खिदळायच्या, "आली गं चिलीमतोंडी!" गोजराला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून यंदा जत्रेच्या आधी तिनं फुंकर मारलीच नाही. वर आबांना बिनदिक्कत सांगून टाकलं, "मारल्या हो सगळ्या!"

आणि जत्रेत काय झालं? चिलमी ओढता ओढवेनात! लोक गाल आत ओढून दमले, हसले, माल परत टाकून गेले. आबा तो माल घेऊन घरी परतले. सगळ्या चिलमी त्यांनी पळसाखाली ओतल्या.

"पोरी, माझे हातच गेले आता," ते म्हणाले. "चिलमी बंद. सळई विहिरीत टाकून येतो."

गोजराची मान वर होईना. खरं सांगावं, तर जीभ रेटेना. स्वतःची इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की ती बनात त्या चिलमींपाशी बसून मुळूमुळू रडू लागली.

"आऽक् छी!" एका चिलमीतून कुणीतरी शिंकलं. "रडणं पुरे, आधी मला काढ! पलीकडून बाहेर पडू म्हणून शिरले, तर वाटच नाही मेली!"

गोजरानं ती चिलीम उपडी करून तळहातावर हळूच आपटली. टुपकन बाहेर पडली एक बोटभर परी! केशरी झगा, चतुरासारखे चमचमते पंख, गालांवर मात्र माती.

"लागलं का गं तुला? चूक माझीच आहे," गोजरा म्हणाली आणि तिच्या चिमुकल्या पंखांवरची धूळ तिनं फुंकरीनं उडवली.

परी खूश झाली. "मनाची गोड आहेस. एक इच्छा माग. नियम दोनच. ज्याच्यासमोर बोलायला सगळ्यात जड जाईल, त्याच्यासमोर मोठ्यानं मागायची. आणि मागताना 'पण' म्हणायचं नाही. म्हणालीस की इच्छा फुस्स!"

"मग माझी लबाडी आबांना कधीच कळू नये," गोजरा पुटपुटली.

"चालेल की! जा, आबांसमोर मोठ्यानं माग," परी खुदकन हसली.

गोजराचे कान तापले. तेवढ्यात विहिरीच्या काठावर आबा दिसले. हातात सळई होती. गोजरा धावत सुटली.

"आबा, थांबा! मी फुंकर मारलीच नव्हती. मारली असं खोटं सांगितलं." 'पण त्या पोरी...' अगदी जिभेच्या टोकावर आलं. तिनं ते गिळलं. "तुमची काही चूक नाही, माझी आहे. त्या चिलमी मोकळ्या होऊ देत!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं तिला. तिकडे बनात लखलखाट झाला. सोनेरी कण भुरभुर उडाले आणि साऱ्या चिलमींतून वारा एकदम हूऽऽ करत वाहू लागला.

आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आपले हात उलटसुलट करून पाहत होते.

"म्हणजे... माझे हात गेले नाहीत?"

"नाही, आबा."

आबांचे डोळे भरून आले. "अगं गाढवे, आधी सांगायचंस ना!" म्हणत त्यांनी तिला पोटाशी धरलं. गोजराला आणखीच लाज वाटली आणि ती हुंदके देऊन रडली.

पळसांवर केशरी उजेड झळाळला. त्या उजेडात परीनं हात हलवला आणि ती झगमगत विरून गेली. इकडे आबा हसत म्हणाले, "चल, माती भिजवायला घे."