दुधात बुडालेला तरवड

एका राज्यात माळ फार होता आणि माती थोडी. उन्हाळ्यात ओढा आटे, गवत जळे, पण तरवड फुले. त्याला कुणी पाणी घालत नसे, कुणी कुंपण करत नसे. गाय तोंड लावीत नाही म्हणून राखणही लागत नसे. नुसत्या मुरमावर उभं राहून ते झुडूप अशी पिवळी फुलं काढी, की भर दुपारी सगळी टेकडी पेटल्यासारखी दिसे.

त्या राज्याचा राजा भद्रसेन. राणी देवाघरी गेलेली, मागे दोन मुली. थोरली इंदुला, धाकटी सगुणा. शिवाय राजाला जाणते होते. जाणते म्हणजे दरबारातले म्हातारे. दाढ्या पांढऱ्या, आवाज जड. घडलेली प्रत्येक गोष्ट त्यांना आधीच ठाऊक असे. घडण्याआधी मात्र त्यांनी ती कधी सांगितली नाही.

थोरलीचं लग्न ठरलं. कुणाशी ठरलं, ते तिला हळदीच्या आदल्या दिवशी कळलं. पाटावर बसवली. सुवासिनींनी पायाला हळद लावली, पायांची मुळं झाली. हाताला लावली, हातांच्या फांद्या झाल्या. कपाळाला बोट टेकलं, आणि पाटावर तरवडाचं झुडूप उभं राहिलं, फुलांनी लगडलेलं. सनई थांबली. वऱ्हाड जेवून परत गेलं.

जाणत्यांनी मसलत केली. थोरले अमात्य म्हणाले, "कन्येची देवी झाली. राज्याचं भाग्य उघडलं."

मग काय, झुडूप राजबागेत काळ्या मातीत लावलं. भोवती चांदीचा कठडा केला. रोज सकाळी पंचामृताचा अभिषेक सुरू झाला. दूध, दही, तूप, मध, साखर. वरून घागरी घागरी पाणी. जाणते डोळे मिटून मंत्र म्हणत, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे पानं गळताना त्यांना दिसत नसत. राजा तीर्थ हातावर घेई. पण ते तो गिळत नसे, हे फक्त सगुणेनं पाहिलं होतं.

सगुणा म्हणाली, "अमात्यकाका, तरवड माळावरचा आहे. त्याला पाणी सोसत नाही, तुम्ही दूध ओतताय. अक्का मरेल."

"मुली, आमचे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत."

"उन्हात बसला असता तर तरवड कळला असता."

तिला बागेत यायची बंदी झाली. म्हणून ती भिंतीवर चढून बसली. तिथे एक टिटवी आली. टिटवी बोलली.

"उद्या सूर्य बुडेल तेव्हा हिचं शेवटचं फूल गळेल. मग ही पुन्हा माणूस होणार नाही. टेकडीवरच्या राखणदाराकडे जा."

"तुला कसं कळलं?"

"मी झोपते तेव्हा पाय वर करून आभाळ धरते. जागी असते तेव्हा खाली बघते. जाणते दोन्ही करत नाहीत."

सगुणा टेकडीवर गेली. राखणदार कातळात बसला होता. अंग मुरमाचं, डोळे झऱ्याच्या पाण्याचे. त्याच्या पायाखाली जुन्या राजांचं धन पुरलेलं होतं आणि त्या धनावर त्याची माया होती.

"माझी बहीण तुम्ही नेलीत?"

"मी नेली नाही. मला दिली. सोडवायची असेल तर तीन कामं कर. पहिलं, तिला इथं आण. चोरून आणायची नाही, कुणाकडे मागूनही नाही. दुसरं, माझ्या झुडपांतून तिला ओळख. हात एकदाच लावायचा. तिसरं मग सांगेन."

दुसऱ्या दिवशी, ऐन अभिषेकाच्या वेळी, सगुणा बागेत शिरली. कठडा ओलांडला, दुधाच्या चिखलात उतरली आणि दोन्ही हातांनी झुडूप धरलं. ओलीनं मुळं इतकी कुजली होती की ते एका हिसक्यात वर आलं.

"हे काय आरंभलंस?" अमात्य म्हणाले.

"माझी बहीण आहे. घेऊन चालले."

पहारेकरी अमात्यांकडे बघू लागले. अमात्य जाणत्यांकडे बघू लागले. देवी उचलून नेली तर ती चोरी, की मिरवणूक, यावर एकानं एक वचन सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. वाद रंगला. तो मिटेपर्यंत सगुणा वेशीबाहेर पोचली होती. तिनं चोरलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. आपलं माणूस आपण आणलं होतं.

टेकडीवर राखणदारानं झुडूप हातात घेतलं, मुठीतून वारा सोडला, आणि जिकडेतिकडे तरवडच तरवड. सगळ्यांची पानं झडलेली. सगळ्यांच्या शेंड्याला एकेक फूल. सगुणा एकेका झुडपापुढे बसली, अक्का म्हणून हाक मारली. एकही हललं नाही. ती रडकुंडीला आली. तेवढ्यात तिच्या पायावरून मुंग्यांची रांग गेली.

माळावरच्या तरवडाला मुंग्या कशाला लागतील? सगुणा रांगेमागून चालत गेली. मुंग्या एका झुडपावर चढत होत्या. त्याच्या बुंध्याला मध-साखरेचा थर होता आणि आंबलेल्या दुधाचा वास. तिनं त्याला मिठी मारली. बाकीची झुडपं होती तशी झाली.

राखणदार म्हणाला, "जाणत्यांचा अभिषेक एकदा तरी कामी आला. आता तिसरं. तुझ्या बापाला सिंहासनावर सोन्याचं छत्र हवं होतं. तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, बदल्यात हळदीची लेक दे. मला वाटलं, बाप आहे, माघारी जाईल. तो माघारी गेला, पण जाणत्यांना विचारायला. ते म्हणाले, मुलगी परक्याचं धन. हळद लागली की ती आपली उरत नाही. जी आपली नाही, ती देण्यात राजाचं काय जातं? त्यानं सोनं नेलं, आणि त्या बोलानं शाप बसला. देणाऱ्यानं सोनं परत आणावं आणि जाणत्यांच्या देखत म्हणावं, की हळद लागल्यावरही ती माझीच होती."

सगुणा धावत दरबारात आली. राजा छत्राखाली बसला होता. तिनं मुजरा केला नाही.

"आबा, मला सगळं कळलं. चला."

राजाच्या आधी अमात्य बोलले. "राजानं दिलेला शब्द मागे घेतला तर प्रजा विश्वास कुणावर ठेवील?"

"काका, मी आबांशी बोलतेय. आबा, मलाही एक दिवस हळद लागेल. त्या दिवशी मी कुणाची?"

राजानं मान वर केली. तो उठला, छत्राचा दांडा धरला आणि ते मुळापासून उपटलं. सेवक पुढे आले, त्यांना त्यानं नको म्हटलं. छत्र पाठीवर घेऊन तो अनवाणी निघाला. राजा नाही तर दरबार कसला, म्हणून जाणतेही मागून निघाले. टेकडीवर पालखी चढत नाही. त्या दिवशी त्यांचे केस पहिल्यांदा उन्हात आले.

सूर्य टेकायला आला होता. फूल देठाशी लोंबत होतं. राजानं सोनं खाली टाकलं आणि झुडपापुढे गुडघे टेकले.

"इंदुले," तो म्हणाला, "जाणत्यांनी सांगितलं, पण मान मी डोलावली. छत्र मोठं वाटलं मला. हळद लागल्यावरही तू माझीच होतीस, बाळ."

सोनं मुरमात जिरलं. झुडूप शहारलं. फांद्यांचे हात झाले, शेंड्याला चेहरा आला. पण पाय तसेच राहिले, मुळं जमिनीत घट्ट.

"आणखी काय म्हणायचं?" राजानं राखणदाराला विचारलं.

राखणदारानं सगुणेकडे बघितलं. सगुणा म्हणाली, "म्हणायचं काही नाही आबा. तिला विचारा."

राजाला कळायला वेळ लागला. त्यानं जन्मात कुणा मुलीला काही विचारलं नव्हतं.

"इंदुले, घरी येतेस का?"

शेवटचं फूल गळलं, पण ते इंदुलेच्या ओंजळीत पडलं. तिनं एक पाय उचलला, मग दुसरा. "येते," ती म्हणाली. "दूध मात्र नको."

राखणदार पुन्हा कातळात गेला. राजानं अमात्यांना शिक्षा केली नाही. त्यांना टेकडीवर उन्हात बसवलं, तरवडाची राखण करायला. ज्याला राखण लागतच नाही, त्याची. पुढे म्हणे त्यांना तरवड कळू लागला.

तेव्हापासून त्या राज्यात हळदीच्या वाटीत आधी तरवडाचं फूल ठेवतात. मुलीला विचारतात, हो ना? ती हो म्हणाली तर हळद लागते. नाही म्हणाली तर फूल तिच्या केसांत जातं आणि वऱ्हाड जेवून परत जातं.

तरवडाला जसा पाण्यावाचून बहर आला, तसा तुमच्या लेकींना आशीर्वादावाचूनही येवो. विचारायला मात्र विसरू नका.