भरलेली गव्हाण

फार पूर्वी, वस्तूंनाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. वसईत इनासकाकांच्या गोठ्यात एक लाकडी गव्हाण होती. नाताळ आला तशी काकांनी तिला धुऊनपुसून ओटीवर आणून ठेवली. येणारा-जाणारा तिच्यात भेटींची खोकी टाकू लागला आणि चमचमत्या कागदांनी ती काठोकाठ भरली.

"पेंढ्याचं आता तुझं तू बघ बाई," ती अंगणातल्या कबरी गाईला म्हणाली. "मी मोठ्यांतली झाले!"

संध्याकाळी फिलोकाकू बाळ येशूची मातीची मूर्ती गव्हाणीत निजवायला घेऊन आल्या. गव्हाणीत जागाच नव्हती. त्यांनी मूर्ती खोक्यांवर ठेवून पाहिली, तर ती घसरली. काकूंनी कशीबशी झेलली.

गव्हाण घाबरून म्हणाली, "अगं कबरे, या बाळासाठीच तर मला इथं आणलं होतं!"

"मग वाट कसली बघतेस? कलंड की!"

गव्हाण खुशाल कलंडली. खोकी ओटीभर घरंगळली. काकूंना हसू आवरेना. त्यांनी तिला उभी केली, मऊ पेंढा अंथरला आणि बाळाला निजवलं.

कबरीने ओटीवर मान लांबवली आणि कडेचा पेंढा ओढला.

"खा गं पोटभर," गव्हाण आनंदाने कुजबुजली, "फक्त हळू खा. बाळ निजलंय."