ऊस सोलायची परीक्षा

आमच्या तालमीत बॉक्सिंग शिकवायचं ठरलं आणि गावच्या पंचांपुढं पेच पडला, पोरं सोपवायची कुणाकडं? मास्तरकीसाठी रणदिवे सर छातीवर बिल्ले लावून आले. मुजावर बाई बिल्ल्यांबिगर नुसत्याच आल्या. दोघांनी आधी शिकवलेली पोरं सोबत आणली होती.

सर गरजले, "माझी पोरं मार खाऊन तयार झालीत. पोलाद आहे पोलाद!"

पंच लगेच विरघळले. त्यांना काय कळतंय, डोंबल! तालमीची चावी सरांना देणार, एवढ्यात यमुनाक्का उठली. तिची नात तिथं शिकणार होती.

"थांबा. दोघांच्या जुन्या पोरांना एकेक ऊस द्या. दातानं सोलू देत."

सर हसले. "ही कसली परीक्षा, म्हातारे?"

बाईंच्या पोरांनी कराकरा ऊस सोलला. सरांची पोरं ऊस धरून उभीच. एकानं तोंड उघडलं आणि आम्ही हबकलोच. पुढचे दातच नव्हते! दुसऱ्याचे हलत होते, तिसऱ्याचा जबडा उघडेना. आयाबाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

सर पुटपुटले, "या खेळात मार खावाच लागतो."

अक्का म्हणाली, "मार खायला मास्तर कशाला रं? आमचं गाढव शिकवल्याबिगर खातंय. चुकवायला शिकवतो तो मास्तर!"

पंचांनी चावी बाईंच्या हातात ठेवली.