शेळीशी बोलायची भाषा

चूक बापाची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा गोष्टींच्या शेवटी म्हातारी माणसं सगळा दोष पोराच्या माथी मारून मोकळी होतात.

तर फार मागे, एक माणूस बायकोला आणि तान्ह्या मुलाला घेऊन डोंगरावरून खाली पेठेच्या गावात राहायला आला. सोबत एक शेळी होती. पेठेत त्याला हमालीचं काम मिळालं, पण त्याने तोंड उघडलं की दुकानदार हसायचे. "आला बघा रानातला पाहुणा." हे त्याच्या मनाला फार लागलं. त्याने बायकोला बजावलं, "पोराशी आपल्या बोलीतला एक शब्द बोलायचा नाही. पेठेचं बोल."

"मला ते कुठे धड येतं?"

"मग कमी बोल. आपलं बोलायची हौसच आली, तर शेळीशी बोल."

बायको खरंच तशी वागली. मुलाशी पेठेच्या बोलीतले दोन-चार शब्द, जेव, झोप, जा. संध्याकाळी परसात शेळीजवळ बसली की मात्र तिच्या बोलण्याला बांध राहायचा नाही. "ये गं माझी बाय, दमलीस का? बस माझ्यापाशी. हा घे कोवळा पाला."

मुलगा भिंतीआडून ऐकायचा. आईचा एवढा मऊ आवाज त्याच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. त्याला शेळीचा हेवा वाटायचा. अंथरुणात पडून तो तीच वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायचा, जणू ती त्यालाच म्हटलेली.

मुलगा मोठा झाला आणि आई वारली.

डोंगरावरची रीत अशी, की नवं धान्य आलं की त्या वर्षी गेलेल्या माणसाला पहिल्या घासासाठी बोलवायचं. पोटच्या लेकराने वेशीवर पान वाढायचं आणि डोंगरच्याच बोलीत हाक मारायची. मेलेल्यांना दुसरी भाषा कळत नाही, असं तिथले लोक मानत. बाप-लेक वर गेले. सारं गाव जमलं.

मुलगा पान वाढून उभा राहिला. जेवढं येत होतं तेवढं अगदी पोटातून म्हणाला, "ये गं माझी बाय, दमलीस का? बस माझ्यापाशी. हा घे कोवळा पाला."

आधी गावचा म्हातारा कारभारी हसला, मग सगळेच. पोराला कळावं म्हणून कारभाऱ्याने मुद्दाम पेठेच्या बोलीत विचारलं, "आईला पाला चारतोस होय रे? आता दाव्यालाही बांधशील."

"मला एवढंच येतं," मुलगा म्हणाला आणि त्याने बापाकडे पाहिलं.

बापाला एकच वाक्य बोलायचं होतं, की मीच शिकू दिलं नाही. पण गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांची नजर त्याच्यावर होती. तोही हसला.

"काय सांगू तुम्हाला," तो म्हणाला, "शिक शिक म्हणून घसा कोरडा केला. याला आपल्या लोकांची लाज वाटते."

मुलगा वाढलेल्या पानाकडे बघत राहिला. आई आली की नाही, हे त्याला कोण सांगणार? मग तो एकटाच डोंगर उतरला. ती वाक्यं पुन्हा कधी त्याच्या तोंडी आली नाहीत.

बापाला त्याने टाकलं नाही. वेळेवर जेवण दिलं, औषध दिलं. म्हातारपणी बापाची पेठेची बोली हळूहळू गळून गेली आणि डोंगरची तेवढी उरली. तो दिवसभर काहीबाही सांगायचा. मुलगा म्हणायचा, "कळलं नाही, बाबा." यात टोमणा नव्हता. खरंच कळत नव्हतं. कधीकधी त्या बोलण्यात आईसारखा सूर लागायचा, तेव्हा मुलगा दारात थबकायचा. मग कामाला निघून जायचा.

तात्पर्य काढायचंच तर हे: जी भाषा आपण पोराला दिली नाही, ती त्याला येत नाही म्हणून हसू नये. बाप हसला. मरेपर्यंत त्याच्याशी त्याच्या बोलीत कुणी बोललं नाही.