पाणी सुटलेले मीठ

फार पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या मिठाच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आले होते. त्या जन्मी त्यांचे नाव गोमित्र.

पोतलीपासून समुद्र फार लांब. वैशाखात बैलांचे तांडे घाट चढून मीठ घेऊन येत, आणि एकदा पाऊस लागला की घाटातली वाट चार महिने बंद. म्हणून गोमित्र सगळ्या पावसाळ्याचे मीठ आधीच भरून ठेवीत. तळाला भाताचे तूस, वर मीठ, तोंड मातीने लिंपलेले, असे तीस रांजण. कोणत्या आळीला किती लागते ते त्यांना तोंडपाठ होते. एक रांजण संपल्याशिवाय ते दुसऱ्याची माती फोडीत नसत, आणि आश्विनात तांडा परत येई तेव्हा शेवटच्या रांजणात थोडे मीठ शिल्लकच असे.

त्यांची धाकटी सून उत्पला चार महिन्यांपूर्वीच घरात आली होती. तिचा नवरा शिवल तांड्याबरोबर खाली गेला होता आणि पावसाने घाटाखाली अडकला होता. ती फारसे बोलत नसे. बोलू नको असे तिला कोणी म्हटले नव्हते. पण ती बोलू लागली की आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, हातातले काम थांबवून ऐकत, आणि तेच तिला अवघड होई. म्हणून ती आपली बघत असे.

आषाढ लागून आठ दिवस झाले होते. दोन जुने रिकामे रांजण तडकले म्हणून थोरल्या दिरांनी, धनिकांनी, ते दुकानाबाहेर उपडे घातले. पाणी घेऊन परतणारी एक बाई ते पाहून क्षणभर थांबली आणि घाईने पुढे गेली. उत्पलाने ते पाहिले, पण त्यात काही पाहण्यासारखे आहे असे तिला तेव्हा वाटले नाही. दुपारपर्यंत दुकानापुढे पावसात चाळीस माणसे उभी होती. मीठ संपले म्हणे, असे विचारीत जो येई तो नेहमीच्या एका मापट्याऐवजी पाच मापटी मागे. ज्याला मीठ नको होते तोही रांग पाहून रांगेत शिरे.

आश्विनापर्यंत पुरेल इतके मीठ आहे, असे गोमित्रांनी प्रत्येकाला सांगितले. ते ऐकून लोक जास्तच घाबरले. इतके आवर्जून सांगतो आहे म्हणजे नसणारच. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका घराला एकच मापटे असा नियम केला, आणि त्या दिवसापासून पोतलीत एकत्र कुटुंब उरले नाही. सासू आपली चूल वेगळी सांगे, सून आपली वेगळी, आणि वर्षानुवर्षे वेगळे राहणारे भाऊ एकमेकांच्या टोपल्या धरून रांगेत उभे राहत.

मापटी भरून देण्याचे काम उत्पलाकडे होते. एकेक रांजण रिता होई तसतशी ती उरलेले रांजण मोजी. ती सात वर्षांची असताना माहेरच्या गावी तिच्या धाकट्या बहिणीला हगवण लागली होती. वैद्यांनी मिठाची पेज पाजायला सांगितली, आणि त्या पावसाळ्यात गावभर कोणाकडे मीठ नव्हते. बहिणीचे सुकलेले ओठ उत्पला विसरली नव्हती. तेव्हा रोज संध्याकाळी चार मुठी मीठ पदरात बांधून ती आपल्या खोलीच्या माळ्यावर नेऊ लागली. चार मुठीच तर आहेत, असे ती मनाशी म्हणे. घरात असे म्हणणारी ती एकटी नव्हती. जाऊबाईंची टोपली धान्याच्या कोठीमागे होती, आणि आत्याबाईंनी जात्यामागे काय झाकून ठेवले होते ते विचारण्याची सोय नव्हती.

बाराव्या दिवशी एकच रांजण उरला. त्याच दिवशी विणकर आळीत हगवणीची साथ आल्याची बातमी आली. धनिक म्हणाले की हा शेवटचा रांजण आहे, आता मागू ती किंमत मिळेल. गोमित्रांनी तो रांजण गाडीत घालून विणकर आळीत पाठवला. आळी मोठी होती. दोन दिवसांत तोही संपला.

तरी ते रोज दुकान उघडून बसत. येणारे जाणारे टोमणे मारीत, की मीठवाल्याच्या घरची आमटी काही अळणी नसेल. एकदा रित्या रांजणांकडे बघत गोमित्र स्वतःशीच म्हणाले, "माणसं तीच, पोटं तीच. तीस रांजण मीठ एवढ्याशा दिवसांत खाल्लं तरी कुणी?"

उत्पला दाराआड होती. तिने ते ऐकले.

अठराव्या दिवशी सकाळी ती खोली झाडत असताना तिच्या कपाळावर एक थेंब पडला. छप्पर गळते आहे असे समजून तिने खाली वाटी लावली. थेंब नाकावरून ओठांवर उतरला, तेव्हा तो खारट लागला.

ती माळ्यावर चढली. जे गाठोडे परवा एका हाताने उचलत नव्हते ते आता निम्मे झाले होते. खालची फळी काळी पडून ओली झाली होती आणि दुसऱ्या थेंबाची तयारी चालली होती. पावसाळी हवेत उघड्या मिठाला पाणी सुटते, हे मिठाच्या घरातल्या सुनेला कळायला हवे होते. दुकानातले मीठ तुसावर, लिंपलेल्या रांजणात ठेवतात, हे तिने रोज पाहिले होते. भीतीपुढे तिला ते आठवले नव्हते.

तेवढ्यात पुढून आवाज आला. विणकर आळीतली रेवा मडके घेऊन दुकानात आली होती. तिची मुलगी दोन दिवस आजारी होती. मूठभर नको, चिमूटभर द्या, असे ती म्हणत होती, आणि गोमित्र तिला हलक्या आवाजात सांगत होते की दुकानात मीठ उरले नाही.

उत्पला गाठोडे घेऊन खाली उतरली आणि ते धरून उभी राहिली. ते परत माळ्यावर ठेवले असते तर आठवड्याभरात मीठही उरले नसते आणि चोरीही. शिवल परत आल्यावर बायको चोर निघाली असे त्याला कोणी सांगितले नसते, आणि तिला माहेरची वाटही कोणी दाखवली नसती. वाटीत पुन्हा थेंब पडला.

तिने वाटी उचलली, दुकानात गेली आणि दोन्ही वस्तू सासऱ्यांपुढे ठेवल्या.

"मामंजी, हे मीठ मी चोरलं. आणि ते विरघळतंय."

गोमित्रांनी आधी वाटी उचलली आणि रेवाच्या मडक्यात रिकामी केली. गाठोड्यातले दोन खडेही वर घातले. "पेजेत घाल, बाई. एकदम नको, घोट घोट पाज."

रेवा गेल्यावर त्यांनी विचारले, "किती होतं?"

"याच्या दुप्पट."

त्यांनी गाठोडे हातात तोलून पाहिले. उत्पलाला वाटले की आता माहेरी निरोप जाणार.

"म्हणजे कुणी खाल्लंच नाही," ते म्हणाले. "पावसाळाभर थोडं थोडं जाईल असं धरून मी मीठ आणतो. चार महिन्यांचं मीठ सगळ्यांनी बारा दिवसांत उचललं, तर कुठलं दुकान पुरेल? मीठ नगरातच आहे, पोरी. घराघरांत बसलंय."

"बसलेलं नाही, मामंजी. गळतंय. त्यांच्याकडे तूस नाही की लिंपलेले रांजण नाहीत. महिन्याभरात कुणाकडेच उरणार नाही."

धनिक मध्ये पडले. लोकांना सावध करायचे तर करावे, पण गाठोड्याचे नाव काढू नये. आपल्याच घरात मीठ दडवले हे चौकात कळले, तर आपल्या मापट्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवील?

"खरं आहे तुझं," गोमित्र म्हणाले. "पण नुसतं सांगितलेलं त्यांनी मागेही ऐकलं नाही. गप्प राहिलो तर विश्वास राहील आणि मीठ जाईल. विश्वास काही पेजेत घालता येत नाही."

त्यांनी गाठोडे चौकात नेले, एका खांबाला टांगले आणि खाली पितळी घंगाळ ठेवले. लोक जमले. थेंब पडत होते ते सगळ्यांना ऐकू येत होते.

"हे माझ्या घरात दडवलेलं मीठ," ते म्हणाले. "तुम्हाला मी एकेक मापटं मोजत होतो तेव्हा हे माझ्या छपराखाली साठत होतं. दोष माझ्या घराचा, म्हणजे माझा. तुमच्याकडचं मीठही असंच चाललंय. माझे रांजण रिकामे आहेत. ज्याला वाटेल त्याने आणावं. मी विकत घेणार नाही, नुसतं राखीन. लिंपणावर तुमच्या घराची खूण करीन, आणि मागाल तेव्हा देईन. फक्त विणकर आळीसाठी प्रत्येकाने एक मूठ सोडावी."

लोकांनी त्यांना चोर म्हटले. एका तेल्याने तर, पहिली चोरी पचली नाही म्हणून आता राखण मागतोय, असे म्हणून हशा मिळवला. गोमित्र पावसात उभे राहिले. त्यांनी सुनेचे नाव घेतले नाही. ती मात्र गर्दीच्या मागे आत्याबाईंशेजारी उभी होती, आणि प्रत्येक हशाबरोबर खाली बघत होती. कोणी हलेना. दुपार कलली.

मग एक म्हातारी घरी गेली. तिच्यामागून दुसरी गेली. मग पुरुष निघाले, घाईने नव्हे, पण घाई लपवीत.

पहिली टोपली आली ती त्या म्हातारीची. तिचा तळ गळत होता. संध्याकाळपर्यंत दुकानापुढे पुन्हा रांग लागली, मागच्या वेळेसारखीच लांब, फक्त या वेळी टोपल्या भरून येत होत्या आणि कोणी कोणाच्या टोपलीत डोकावत नव्हते. तेलीही आला. सर्वांत शेवटी आत्याबाई जात्यामागचे मडके घेऊन आल्या आणि, हे कुठून आलं देव जाणे, एवढेच म्हणाल्या.

वीस रांजण भरले. उरलेले मीठ पोतलीच्या जमिनींनी प्यायले होते. विणकर आळीतली दोन म्हातारी माणसे वाचली नाहीत. रेवाची मुलगी पाचव्या दिवशी उठून बसली आणि पेज नको, भाकरी हवी म्हणून रडू लागली. रेवाने ते रडणे आळीभर सांगितले.

जेतवन विहारात ही कथा सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, रांजण पाहून घाईने गेलेली ती बाई कोण, ते विचारू नका; ती आजही पुष्कळ घरांत आहे. तेव्हाचा धनिक तो आज संघाचे भांडार सांभाळणारा भिक्षू. तेव्हाची रेवा ती आज आपल्याला पेज वाढून गेलेली उपासिका. उत्पला ती आज सर्वांच्या शेवटी बसणारी, न बोलणारी भिक्षुणी. आणि मीठवाला गोमित्र मीच होतो." मग त्यांनी त्या गुणाचे नाव घेतले: सत्यपारमिता, सत्याची ती परिपूर्णता जी आपला दोष चौकात टांगते, म्हणजे दुसऱ्याच्या घरचे मीठ वाचेल.