झऱ्याला हसवणारी सगुणी

एक होता डोंगर. त्याला राजा नव्हता, राणी नव्हती. होती फक्त वीस घरं आणि एक झरा. पण झरा कसला म्हणता, भारी नखरेल! त्याच्यापुढे नुसती घागर धरून भागायचं नाही. रोज सकाळी त्याला डोंगरबोलीतला एक बोल ऐकवायचा. तो आवडला की झरा खुदकन हसायचा, आणि त्या हसण्याचंच पाणी व्हायचं, बरं का!

डोंगरबोली म्हणजे काय? आपण नाही का म्हणत, पोटात कावळे ओरडतायत? तसं तिथे सगळंच. भूक लागली की म्हणायचं, ‘चूल पाठ फिरवून बसली.’ उदास वाटलं की, ‘माझी सावली घरीच राहिली.’ झोप आली की... थांबा, ते शेवटी सांगते.

मग काय झालं, माणसं खाली बाजाराला जाऊ लागली. तिथले लोक त्यांच्या बोलण्याला फिदीफिदी हसायचे. मग माणसं लाजली. बाजारची भाषा बोलू लागली, पोरांनाही तीच शिकवली. अस्सा राग येतो ना मला! डोंगरबोली उरली एकट्या लाडाईच्या तोंडी. लाडाई म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. रोज ती झऱ्याला हसवायची आणि बाकीचे आयत्या घागरी भरायचे. तिच्याजवळ बोल ऐकत बसायची ती फक्त शेजारची सगुणी, सात वर्षांची.

एके दिवशी लाडाईचा घसा बसला. तोंडातून शब्दच फुटेना. झरा वाट बघून बघून आटला. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले. मग पाटील म्हणाले, “उद्या गाव सोडायचं. खाली जाऊन राहू.”

लाडाईनं हातानं खूण केली. तुम्ही जा, मी इथेच राहते.

सगुणी हट्टालाच पेटली. “आधी सगळे झऱ्याकडे चला!” म्हणाली. मग अख्खा गाव निघाला.

आधी पाटील पुढे झाले. पगडी सावरून म्हणाले, “झरेबुवा, पाणी द्या.” झरा ढिम्म.

मग सगुणीचे आबा पुढे झाले. त्यांना लहानपणचा एक बोल आठवला. “डोंगरानं डोळ्यांत काजळ घातलं!” म्हणजे संध्याकाळ झाली. पण तो झऱ्यानं हजारदा ऐकलेला. टपकन एक थेंब पडला. बस्स!

मग सगुणी पुढे झाली. “लाडाई, तुझा कुठला बोल सांगू गं?” लाडाईनं मान हलवली आणि सगुणीच्या छातीवर बोट ठेवलं. माझा नको, तुझा सांग.

सगुणीला रडूच कोसळलं. हुंदके देत ती डोंगरबोलीत म्हणाली, “लाडाई मागे राहिली, तर माझी सावली जन्मभर तिच्याच अंगणात बसेल.”

असा बोल झऱ्यानं कधीच ऐकला नव्हता. दगडामागून पाणी झिरपलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि पाटील! एवढा मोठा माणूस, पण आसवं थेट मिशीत. सगुणीनं ते पाहिलं आणि रडता रडता तिच्या तोंडून निघून गेलं, “पाटलांची मिशी भिजली, आता तिच्यात भाताची रोपं लावून घ्या!”

मग काय विचारता! झरा असा खदखदून हसला, असा हसला, की पाटलांची पगडीच वाहून गेली. पाटीलही पोट धरून हसले. लाडाई ओंजळभर पाणी प्यायली, तिचा घसा मोकळा झाला, आणि ती म्हणाली, “गळ्यात माझ्या पोपट उतरला!”

मग कोण गाव सोडतंय! लाडाईच्या अंगणात रोज पोरं जमू लागली, थोरंही जमू लागली. रोज एका घरानं झऱ्याला नवा बोल सांगायचा. पाटलांचे बोल अगदीच भिकार असायचे. झरा तरी हसायचा, बिचारा! बाजाराला गेले तरी सगळे डोंगरबोलीतच बोलू लागले, चांगलं मोठ्यानं. आणि सुखानं नांदू लागले.

आणि झोप आली की तिथे काय म्हणतात? ‘डोळ्यांची पाखरं घरट्यात शिरली.’ बघू तुमची? शिरली की! एक अजून मान वर काढतंय. मीट रे राजा, मीट. सकाळी उठून मला एक बोल सांगायचा, तुमचा स्वतःचा. त्याशिवाय मी हसायची नाही.