कुंकू लावलेला लॅपटॉप

सांगलीची इरावती टिपणीस नोकरीसाठी तैपेईला गेली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या लॅपटॉपने मान टाकली. चार्जर बदलून पाहिला, तरी पडदा काळा तो काळाच. सगळं काम त्यातच अडकलेलं. वॉरंटी जगभर चालणारी, म्हणून ती थेट सर्व्हिस सेंटरात गेली. मॅनेजरने झाकणावरचं कुंकू पाहिलं, ते दसऱ्याच्या पूजेचं आहे हे तिच्याकडून ऐकलं आणि नाक मुरडलं.

"मशीनवर पावडर टाकलीत? वॉरंटी बाद! यंत्रं विज्ञानावर चालतात बाई, पूजेवर नाही."

रांगेतले लोक हसले. इरावतीची नजर मात्र त्याच्या मागच्या सर्व्हरवर होती. सर्व्हरच्या डोक्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवलेली होती.

"ही कोण विसरलं?"

"हात लावू नका!" मॅनेजर दचकून म्हणाला. "ती तिथे असली की सर्व्हर शहाण्यासारखा वागतो."

"अस्सं! माझ्या यंत्राचं कुंकवाच्या बोटावर भागतं, तुमच्याला तर रोजचा नैवेद्य लागतो. आधी त्याची वॉरंटी बाद करा, मग माझ्याकडे वळा."

आता रांग मॅनेजरला हसली. त्याने लॅपटॉप दुरुस्तीला घेतला. परत मिळाला तेव्हा तो झटक्यात सुरू झाला. कुंकू जागच्या जागी होतं, आणि पिशवीत एक हिरवी पुडी होती.